आईच्या नावावर जमा

लिफ्टच्या छतावर उकिडवं बसून, तोंडात टॉर्च धरून धाकटा लोखंडी दोरावरून चिंधी फिरवत होता, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. दोराची एखादी तार तुटलेली असली की चिंधीचा धागा तिथे अडकतो. आज काही अडकलं नव्हतं, त्यामुळे तो जरा नाराजच होता. हात पुसून त्यानं फोन काढला.

'अभिनंदन! आपल्या कुटुंब खात्यातील सदस्य "आई" यांच्या विमानप्रवासाचे पॉइंट जमा झाले आहेत.'

त्यानं टॉर्च तोंडातून काढला आणि मेसेज पुन्हा वाचला. खाली तारखाही होत्या. गुरुवारी जाणं, शनिवारी येणं.

आई म्हणजे त्याचीच आई. सत्तरी ओलांडलेली, त्याच्या घराचा एवढासा जिना चढताना मध्ये कठडा धरून थांबणारी. तिचा कसला विमानप्रवास? गेल्या महिन्यात असाच मेसेज आला तेव्हा कंपनीचा काहीतरी बोनस असेल म्हणून त्यानं तो वरवर वाचून सोडून दिला होता. त्याच्या आदल्या महिन्यातही तसंच. आता मात्र त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं तर त्याच्या मनात ती पाल कायम वस्तीलाच असे, आवाज तेवढा अधूनमधून करी.

लिफ्ट तपासायला कंपनी त्याला गावोगाव विमानानं धाडायची. त्या प्रवासांचे पॉइंट साठवणं हा त्याचा एकमेव शौक. पुढे त्यानं कुटुंब खातं उघडलं आणि त्यात बायकोला, थोरल्या बहिणीला म्हणजे ताईला, आणि आईला घेतलं. सगळ्यांचे पॉइंट एकाच हौदात पडायचे आणि नळ मात्र आपल्याच हातात, असं तो धरून चालायचा. एके वर्षी त्याला सोनेरी कार्ड मिळालं. त्याबरोबर घरच्या एका माणसासाठी जोडकार्ड होतं. पहिल्या रांगेतली जागा, जास्तीचं सामान, विमानतळावर आराम करायला वेगळी खोली, असं सगळं. ते त्यानं आईला दिलं, तिच्या फोनवर स्वतः सगळं भरून दिलं आणि बजावलं, "कुठेही जा, हे कार्ड दाखवायचं."

"मी कुठे जाणार रे?" आई म्हणाली होती. आपल्याला डावलून ते कार्ड सासूला दिलं, हे बायको अजून विसरलेली नव्हती.

आई कुठे जाणार नाही, तर तिच्या नावावर जातंय कोण? त्या रात्री जेवताना त्याला उत्तर सापडलं आणि घास हातातच राहिला. ताईची सासू. दोघी एकाच वयाच्या, दोघींचे केस पांढरे, दोघींचे चष्मे जाड काड्यांचे. म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे निरखून बघतं कोण? आईचं ओळखपत्र, आईचं कार्ड, आणि पहिल्या रांगेत ऐसपैस बसलेली ताईची सासू!

"तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं," बायको म्हणाली.

"दिसतं, कारण असतं."

ताईशी त्याचं तसं धड बोलणं नव्हतं. मागे एकदा तिनं त्याला न विचारता या खात्यातल्या पॉइंटांवर आपल्या मैत्रिणीला तिकीट काढून दिलं होतं. त्यावरून त्यानं असं काही ऐकवलं होतं की दोघांनीही कानाला खडा लावला. वडील गेल्यावर आईचं घर विकून दोघांनी वाटून घेतलं होतं आणि तेव्हापासून आईही वाटली गेली होती. पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. दोघांचं बोलणं व्हायचं ते आईमार्फत, म्हणजे व्हायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो ताईच्या कामाच्या जागी जाऊन थडकला. ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं आ वासून बसलेले. ताई एक गुलाबी कवळी उजेडात धरून तिचे दात घासत होती. त्याला बघून तिनं भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला.

"आई बरी आहे ना?"

"तुझ्याकडेच आहे की ती. मला काय विचारतेस?" तो म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं, "तुझ्या सासूबाई काय म्हणतात? प्रवास वगैरे?"

"छोट्या, तू माझ्या सासूची खुशाली विचारायला आलास? सरळ बोल."

तो सरळ बोलला. जरा जास्तच सरळ बोलला. कार्ड, ओळखपत्र, पहिली रांग, सगळं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं हातातलं मशीन बंद केलं.

ताईनं कवळी अलगद खाली ठेवली. "माझ्या सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. तुला माहीत नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस."

पण माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं फोन तिच्यापुढे धरला. "मग हे काय आहे? मागच्या गुरुवारी गेली, शनिवारी आली. त्या वेळी आई तुझ्याकडेच होती ना?"

"गुरुवारी? गुरुवारी ती तुझ्याकडे होती."

"गुरुवारी सकाळी ती माझ्याकडून निघाली. भावोजी कोपऱ्यावर गाडी घेऊन येतात ना तिला न्यायला."

"हे? कोपऱ्यावर?" ताईचा आवाज चढला. "अरे, ह्यांनी तर तुझी गल्लीही बघितलेली नाही. आई माझ्याकडे शनिवारी येते. दर वेळी शनिवारीच. छोट्यानं कोपऱ्यावर सोडलं, त्याला घाई होती, असं सांगते."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. तो कधी भावोजींना भेटायला कोपऱ्यावर गेला नव्हता, आणि भाऊ कोपऱ्यापर्यंत येऊनही घरी का येत नाही हे ताईनं कधी विचारलं नव्हतं. उलट दोघांनाही बरंच वाटायचं. या त्यांच्या अबोल्यातून आईनं महिन्याचे दोन दिवस बिनबोभाट काढून घेतले होते.

"बाई कुणाच्या तरी नादी लागलीय," तो म्हणाला.

"काहीतरीच बोलू नकोस."

"मग जाते कुठे? पेन्शन तिच्या हातात. सह्या करायला सांगणारे कमी आहेत का जगात? गोड बोलून कुणीतरी..."

ताईनं हातातले मोजे काढले. "आणि एखाद्या वेळी परत आलीच नाही तर?" ती म्हणाली.

हा विचार त्याच्या मनात आला नव्हता. आता आला, आणि मग तो गेलाच नाही.

सरळ विचारावं असं ताईचं मत होतं. विचारलं तर ती सावध होईल, असं त्याचं. अखेर त्याचं म्हणणं ताईनं मान्य केलं. दोघांचं एकमत होण्याचा प्रसंग बऱ्याच वर्षांनी आला होता.

पुढे आई त्याच्याकडे राहायला आली तेव्हा त्यानं तिच्यावर असा डोळा ठेवला की बायकोला आईचीच कीव आली. आई भाजी निवडताना तो पेपर उलटा धरून समोर बसे. फोन आला की कुणाचा म्हणून विचारी. पण आई रोजच्यासारखीच होती. हॉलमधल्या दिवाणावर झोपायची, सगळे उठायच्या आत चादर घडी करून ठेवायची, टीव्हीसमोर कुणी आलं की उठून स्वयंपाकघरात जायची. संशय घ्यावा असं एकच दिसलं. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कपडे घडी करताना ती गुणगुणत होती. आईला गाताना त्यानं लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय, याची त्याला खात्रीच पटली.

गुरुवारी सकाळी "येते रे" म्हणून ती बॅग घेऊन निघाली. धाकटा मागच्या जिन्यानं उतरून ताईच्या गाडीत जाऊन बसला. गाडी एका ट्रकच्या आडोशाला लावलेली होती. कोपऱ्यावर टॅक्सी आली आणि आई तिच्यात बसली. कुणाचा हात धरला नाही, कण्हली नाही, बॅगही स्वतः उचलून आत ठेवली.

"गुडघे बघ," तो म्हणाला.

"बघतेय," ताई म्हणाली.

टॅक्सी सरळ विमानतळावर गेली. काचेच्या भिंतीतून दोघांना दिसलं, आईनं कार्ड दाखवलं, काउंटरवरच्या मुलीनं हसून तिला नमस्कार केला आणि ओळखीच्या माणसाशी बोलावं तशा दोघी दोन शब्द बोलल्या. काउंटरवरच्या पाटीनुसार विमान एका लहानशा गावाला जाणारं होतं. त्या गावात त्यांचं कुणी नातेवाईक नव्हतं, कधी नव्हतंच.

"तिकिटं काढ," ताई म्हणाली.

त्यानं फोन उघडला. ऐनवेळच्या तिकिटांना लागणारे पॉइंट बघून त्याचा अंगठा बटणावरच थांबला. "एवढे?"

"छोट्या, आई जातेय तिकडे. काढ."

त्यानं डोळे मिटून बटण दाबलं. दोघांचेही फोन एकदम वाजले. कुणीही पॉइंट खर्च केले की खात्यातल्या प्रत्येकाला मेसेज जावा, प्रवाशांच्या नावांसकट, ही सोय त्या मैत्रिणीच्या प्रकरणानंतर त्यानंच करून घेतली होती. दोघांनी सवयीनं मेसेज पुसला आणि पळत सुटले.

विमानात ते अगदी शेवटी शिरले. ताईनं ओढणी नाकापर्यंत ओढली होती, त्यानं कामाची टोपी डोळ्यांवर घेतली होती. पहिल्या रांगेत खिडकीशी आई बसलेली होती. तिनं मान बाहेर वळवली होती आणि ते दोघं शेजारून पुढे सरकेपर्यंत ती तशीच बाहेर बघत राहिली. सुटलो, असं ताईनं खुणेनं सांगितलं.

शेवटच्या रांगेत दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते. विमान वर चढताना ताईनं त्याचं मनगट घट्ट धरलं. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर ती असंच धरायची, मग "तूच घाबरलास" म्हणायची.

"कोण असेल?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत? जमिनीचा दलाल असेल. एखादा बाबा असेल."

"किंवा दवाखाना. आजार लपवत असली तर?"

"दवाखान्यात जाताना कुणी गाणं म्हणतं का?"

ताईनं तोंडावरची ओढणी जरा सारली. मग म्हणाली, "तुझ्याकडे ती कुठे झोपते रे?"

"हॉलमध्ये. दिवाणावर. तुझ्याकडे?"

"मुलीच्या खोलीत. मुलगी अभ्यासाला दिवा चालू ठेवते, मग ही तोंडावर पदर घेऊन झोपते. मी म्हणते, आई, बॅगेतले कपडे कपाटात लाव. तर म्हणते, राहू दे, परत भरायचेच आहेत."

"माझ्याकडेही बॅगेतच असतात."

विमान दोनतीनदा जोरात हिंदकळलं, आणि ताईनं पुन्हा त्याचं मनगट धरलं.

गावाचा विमानतळ एखाद्या शाळेएवढा होता. आई टॅक्सीत बसली, मागच्या टॅक्सीत हे दोघं. "त्या गाडीच्या मागे घ्या," ताई ड्रायव्हरला म्हणाली आणि एवढ्या काळजीतही तिला ते म्हणताना मजा आली, हे धाकट्याच्या नजरेतून सुटलं नाही. चार वळणं घेऊन पुढची टॅक्सी एका जुन्या दुमजली इमारतीपुढे थांबली. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर एक गॅलरी. आईनं पर्समधून किल्ली काढली आणि बाजूच्या जिन्यानं वर गेली. जिना चांगला उभा होता, पण ती कुठे थांबली नाही.

दोघं समोरच्या बाजूला, बंद दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. थोड्या वेळानं गॅलरीचं दार उघडलं. आईनं एक खुर्ची बाहेर आणली, कठड्याजवळ ठेवली, आत जाऊन चहाचा कप घेऊन आली आणि बसली.

"आता येईल कुणीतरी," धाकटा म्हणाला.

कुणी आलं नाही. ऊन डोक्यावरून खांद्यावर आलं तरी कुणी आलं नाही. आई रस्त्याकडे बघत बसली होती. मध्येच तिनं चप्पल काढून पाय कठड्यावर ठेवले. आईला असे पाय वर करून बसलेलं दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं.

त्याला राहवेना. टोपी खाली ओढून, इमारतीच्या कडेनं तो सायकलच्या दुकानात गेला. दुकानदार एका चाकाच्या तारा आवळत होता.

"वर कोण राहतं?"

"एक बाई आहेत."

"त्यांच्याकडे येतं-जातं कोण?"

दुकानदारानं चाक फिरवून बघितलं. "कुणी नाही. महिन्यातून दोन दिवस येतात त्या. भाडं वेळेवर देतात."

"मग करतात काय दोन दिवस?"

"बसतात."

"बसतात म्हणजे?"

"बसतात म्हणजे बसतात. तुम्ही कोण त्यांचे?" आता दुकानदाराच्याच नजरेत संशय उतरला. तो पाना हातात घेऊन उठला. "एकट्या बाईची चौकशी कशाला करताय?"

मुलगा म्हणावं, तर आईनं इथे मुलाचं नावही काढलेलं दिसत नव्हतं. "लिफ्ट तपासायला आलोय," तो म्हणून गेला.

"इथे लिफ्ट नाही."

तो परत येऊन ताईशेजारी उभा राहिला. कुणी दलाल नव्हता, बाबा नव्हता, डॉक्टर नव्हता. नादी लावणारं माणूस सापडलं असतं तर त्याचं काय करायचं ते त्यानं वाटेत ठरवून ठेवलं होतं. आता त्या रागाचं काय करावं हेच त्याला कळेना, आणि रागाखाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. त्यानं फोन काढला.

"काय करतोयस?" ताईनं विचारलं.

"बघतो, काय सांगते ते."

त्यानं फोन लावून स्पीकर सुरू केला. गॅलरीत आईनं पाय खाली घेतले, पदराला हात पुसला आणि मांडीवरचा फोन उचलला.

"बोल रे."

"आई, पोचलीस का?"

"पोचले केव्हाच."

"ताईकडे?"

आई जराशी थांबली. "हो. ताईकडेच म्हणायचं."

धाकट्यानं ताईकडे अर्थपूर्ण बघितलं. एवढ्या मोठ्या बाईनं, आपल्या आईनं, धडधडीत खोटं बोलावं! पकडलं की नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "काय करतेय ताई?" त्यानं विचारलं.

"ताई ना?" आईनं कप कठड्यावर ठेवला. "ताई केव्हाची उन्हात उभी आहे. तिला म्हणावं, दोन पावलं मागे सरक, सावली आहे तिथे. तिला ऊन सोसत नाही."

ताईचा हात तोंडाशी गेला. धाकटा वर बघत राहिला. आई सरळ त्यांच्याकडेच बघत होती.

"सकाळीच मेसेज आला मला," आई म्हणाली. "दोन तिकिटं, तुमच्या दोघांच्या नावानं. म्हटलं, चला, बरोबर तरी निघाले."

"आई, हे काय आहे?" त्याचा आवाज फाटला. "आम्हाला काय वाटलं असेल? आमच्याकडे काय कमी आहे तुला?"

"काही कमी नाही रे."

"मग इथे काय करतेस?"

"बसते."

मधून एक हातगाडी गेली. मग ताई फोनकडे वाकली. "आई, आम्ही वर येऊ?"

आईनं मागे वळून खोलीच्या दाराकडे बघितलं. पुन्हा ती रस्त्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा कुणाकडे काहीतरी उसनं मागायला आल्यासारखा झाला होता.

"आज नको ना," ती म्हणाली. "शनिवारी येतेच आहे मी तुझ्याकडे. रागावू नका."

आई तिकडे फोन कानाला लावून बसली होती. तिनं त्यांना अडवलं नव्हतं. दार उघडंच होतं, जिना समोर होता, आणि धाकट्यानं चार ढांगांत रस्ता ओलांडला असता तर तिनं उठून त्याच्यासाठीही चहा टाकला असता. हे त्याला ठाऊक होतं, ताईला ठाऊक होतं आणि आईला तर होतंच.

"ठेवू का मग?" आईनं विचारलं.

असंच ती त्याला रोज विचारायची. फोन ठेवताना, टीव्ही बंद करताना, दिवाणावर अंग टाकताना. तो "हं" म्हणायचा आणि मगच ती तसं करायची. आजही ती त्याच्या "हं"ची वाट बघत होती, स्वतःच्या भाड्याच्या गॅलरीत, स्वतःच्या खुर्चीत.

ताईनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"ठेव, आई," ती म्हणाली. "बस तू."